सत्तर सप्तकांची मोजणी कोरेशाच्या आज्ञेपासूनच

दानीएलाच्या नवव्या अध्यायाच्या अखेरीस आलेल्या चार वचनांवर जेवढी गणिते मांडली गेली, तेवढी बायबलमधील दुसऱ्या एखाद्या उताऱ्यावर क्वचितच मांडली गेली असतील. देवदूत गब्रीएल बाबेलच्या बंदिवासात असलेल्या यहुदी दानीएलाला सांगतो, की त्याच्या लोकांसाठी आणि पवित्र नगरासाठी सत्तर सप्तके ठरवलेली आहेत. यरुशलेमचा जीर्णोद्धार करण्याची आज्ञा निघाल्यापासून अभिषिक्त (मसीहा) अधिपतीपर्यंत सात सप्तके आणि बासष्ट सप्तके जातील. त्यानंतर अभिषिक्ताचा वध होईल आणि नगर व पवित्रस्थान यांचा नाश होईल. एक सप्तक म्हणजे सात वर्षे, हे बहुतेक भाष्यकारांना मान्य आहे. त्यामुळे एकोणसत्तर सप्तकांची ४८३ आणि सत्तर सप्तकांची ४९० वर्षे होतात. मोजायला सुरुवात कोठून करायची, हे मात्र दानीएल सांगत नाही. आज्ञा कोणत्या राजाची आणि त्याच्या राज्याच्या कितव्या वर्षाची, याचा उल्लेख तेथे नाही, आणि सगळ्या वादाचे मूळ तेथेच आहे.

या वादात पारसाच्या (इराणच्या) राजांच्या चार आज्ञा पुढे केल्या जातात. पहिली कोरेशाची (सायरसची), इ.स.पू. ५३८ च्या सुमाराची. दुसरी दारयावेश पहिला याने मंदिराचे अडलेले काम पुढे चालू द्यावे म्हणून दिलेली. तिसरी अर्तहशश्त पहिला याने आपल्या सातव्या वर्षी शास्त्री एज्राच्या हाती दिलेली, आणि चौथी म्हणजे त्याच राजाने विसाव्या वर्षी आपला प्यालेबरदार नहेम्या याला दिलेली पत्रे. यांपैकी दुसरीचा कैवार फारसा कोणी घेत नाही, कारण ती मुळात पहिल्या आज्ञेचा जुना लेख शोधून काढून तिला दिलेला दुजोरा आहे. खरी चुरस तिसरी आणि चौथी यांच्यात चालते. माझे म्हणणे असे, की या दोन्ही पक्षांची वाट एकच आहे आणि ती उलटी आहे: अभिषिक्त म्हणजे येशू असे मानून त्याचा बाप्तिस्मा किंवा त्याचे यरुशलेमेत येणे हा शेवट आधी धरायचा, तेथून मागे मोजत जायचे, आणि जी आज्ञा जवळ सापडेल तिच्या मजकुरात नगराचा जीर्णोद्धार शोधायचा. भविष्यवाणी खरी ठरली याचा पुरावा म्हणून जे गणित मांडायचे, त्याचा आरंभ त्याच गणिताच्या उत्तरावरून निवडला, तर तो पुरावा राहत नाही. आज्ञा तिच्या मजकुरावरून आणि भविष्यवाणीच्या संदर्भावरून ठरवावी, आणि मग मोजणी जेथे पोहोचेल तेथे पोहोचू द्यावी. असे केले तर उत्तर कोरेश हेच येते.

सातव्या वर्षाच्या आज्ञेचे आकर्षण सहज कळण्याजोगे आहे. इ.स.पू. ४५७ पासून ४८३ वर्षे मोजली, आणि इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही, हे ध्यानात ठेवले, तर आपण इ.स. २७ मध्ये, म्हणजे येशूच्या सेवेच्या आरंभाच्या आसपास पोहोचतो. ४९० वर्षे मोजली तर इ.स. ३४ येते, आयझॅक न्यूटनने आपल्या भविष्यवाण्यांवरील लिखाणात हीच आज्ञा धरून ख्रिस्ताचा मृत्यू त्या वर्षी ठेवला होता. पुढे अमेरिकेतील विल्यम मिलरने दानीएलाच्या आठव्या अध्यायातील २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे धरून त्यांचीही सुरुवात ४५७ पासून केली. आधी ख्रिस्ताचे पुनरागमन १८४३–४४ च्या दरम्यान होईल असे जाहीर झाले, मग शून्य वर्षाचा हिशेब सुधारून आणि यहुदी सणांचा आधार घेऊन त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. तो दिवस गेला आणि काही घडले नाही. पिके शेतात तशीच उभी ठेवून वाट पाहणारी माणसे त्यांत होती. त्या निराशेतून जे गट टिकले त्यांतून सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली, आणि ४५७ हे वर्ष तिच्या शिकवणीचा पाया बनले. पुण्यातील स्पायसर महाविद्यालयामुळे ही शिकवण महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांना दूरची नाही.

४५७ या वर्षाची निश्चिती कच्ची आहे, असे मी म्हणणार नाही. नाईल नदीतील एलेफंटाइन बेटावर पारसाच्या चाकरीत असलेल्या यहुदी सैनिकांचे करारनामे सापडले आहेत. त्यांत एकाच दिवसाची मिसरी आणि बाबिली अशी दुहेरी तारीख लिहिलेली असते. त्यांवरून अर्तहशश्ताची राज्यवर्षे चांगल्या प्रकारे जुळवता येतात. यहुदी लोक राजाचे वर्ष शरद ऋतूपासून मोजत असत असे धरले, तर एज्राचा प्रवास ४५७ मध्येच पडतो. वसंतापासून मोजले तर ४५८ येते. अडचण वर्षाची नसून आज्ञेतील मजकुराची आहे. एज्राच्या सातव्या अध्यायात ते फर्मान अरामी भाषेत जसेच्या तसे दिले आहे, आणि ते शांतपणे वाचण्यासारखे आहे. ज्यांना स्वखुशीने जायचे त्यांनी जावे; राजाने व मंत्र्यांनी दिलेले सोनेरुपे घेऊन बैल, मेंढे व कोकरे विकत घ्यावीत; महानदाच्या (फरात नदीच्या) पलीकडील खजिनदारांनी शंभर किक्कार रुपे, शंभर कोर गहू, शंभर बथ द्राक्षारस, शंभर बथ तेल आणि लागेल तितके मीठ द्यावे; याजकांवर कर बसवू नये; एज्राने न्यायाधीश नेमावेत. मीठ किती द्यावे हे सांगणाऱ्या या फर्मानात नगर बांधण्याविषयी एक ओळही नाही.

न्यायाधीश नेमणे म्हणजेच नगराची पुनःस्थापना, असे उत्तर दिले जाते, आणि एज्राने पुढे नवव्या अध्यायातील प्रार्थनेत देवाने आपल्याला यहूदात व यरुशलेमेत तट दिला असे म्हटल्याचा दाखला दिला जातो. पण त्याच वाक्यात तो उपकार पारसाच्या राजांचा, अनेकवचनी, असल्याचे एज्रा सांगतो; आणि सगळ्या यहूदा प्रांताभोवती बांधलेला तट हा दगडाचा असणे शक्य नाही, तो संरक्षणाचा अलंकार आहे. याहून मोठी अडचण चौथ्या अध्यायात आहे. तेथे पारसाचा अधिकारी रहूम आणि त्याचे सोबती अर्तहशश्ताला कळवतात, की यहुदी लोक हे बंडखोर नगर पुन्हा बांधत आहेत. राजा दप्तर तपासायला लावतो, नगराच्या जुन्या बंडांची नोंद सापडते, आणि आपण हुकूम देईपर्यंत हे नगर बांधले जाऊ नये असे तो फर्मावतो. नगर बांधण्याची आज्ञा त्याने स्वतः आधीच दिली असती, तर दप्तर तपासताना ती कोणालाच दिसू नये आणि राजालाही आठवू नये, हे मला पटत नाही.

विसाव्या वर्षाची पत्रे मजकुराच्या दृष्टीने अधिक भक्कम आहेत, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. माझ्या पूर्वजांच्या कबरा जेथे आहेत ते नगर बांधायला मला पाठवा, असे नहेम्या स्पष्ट मागतो. राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याच्या नावे वेशींसाठी आणि तटासाठी लाकडाचे पत्र त्याला मिळते. आणि तट बावन्न दिवसांत उभा राहतो. येथे गणित मात्र साथ देत नाही. इ.स.पू. ४४५ पासून ४८३ वर्षे मोजली तर इ.स. ३९ येते, आणि तोवर येशूच्या वधस्तंभाला कित्येक वर्षे होऊन गेलेली असतात.

ही तूट भरून काढण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न स्कॉटलंड यार्डमधील वरिष्ठ अधिकारी सर रॉबर्ट अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केला. त्यांनी भविष्यवाणीतील वर्ष ३६० दिवसांचे धरले. ४८३ ला ३६० ने गुणले की १,७३,८८० दिवस होतात. नहेम्याला परवानगी मिळाली तो नीसान महिन्याचा पहिला दिवस, १४ मार्च इ.स.पू. ४४५, असे धरून तेवढे दिवस पुढे मोजले की ६ एप्रिल इ.स. ३२ येते, आणि त्याच दिवशी येशू शिंगरावर बसून यरुशलेमेत आला, असा त्यांचा निष्कर्ष होता. नहेम्याने महिना सांगितला आहे, दिवस सांगितलेला नाही. महिन्याचा पहिला दिवस हे अँडरसन यांचे गृहीतक होते. शिवाय वधस्तंभाच्या वर्षासाठी अभ्यासक ज्या दोन वर्षांचा प्रामुख्याने विचार करतात ती इ.स. ३० आणि ३३ आहेत. ३२ मध्ये वल्हांडण (यहुद्यांचा सुटकेचा सण) आणि शुक्रवार यांचा मेळ बसवणे अवघड जाते. म्हणून पुढे अमेरिकी अभ्यासक हॅरॉल्ड होनर यांनी सुरुवात एका वर्षाने पुढे, ५ मार्च ४४४ वर नेली आणि शेवट ३० मार्च ३३ वर आणला. तारखा बदलल्या, पण दिवसांची बेरीज तशीच अचूक असल्याचे सांगितले गेले. एवढी लवचीक अचूकता मला आश्वस्त करत नाही, उलट सावध करते.

३६० दिवसांच्या वर्षाला आधार म्हणून प्रकटीकरणातील बेचाळीस महिने म्हणजे १२६० दिवस हा हिशेब आणि उत्पत्तीतील जलप्रलयाचे पाच महिने म्हणजे १५० दिवस हे उल्लेख दिले जातात. ते उल्लेख खरेच आहेत. परंतु महिना ढोबळपणे तीस दिवसांचा धरणे वेगळे आणि शेकडो वर्षे अशीच मोजत जाणे वेगळे. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही: आपल्या पंचांगात अधिकमास ज्या कारणासाठी येतो, त्याच कारणासाठी बाबिली आणि यहुदी पंचांगात एकोणीस वर्षांत सात जादा महिने घातले जात, आणि त्यामुळेच वल्हांडण सातूच्या पिकाच्या मोसमात टिकून राहत असे. ३६० दिवसांची ४८३ वर्षे अशीच मोजली असती, तर वल्हांडण हरएक ऋतूतून फिरून आला असता. शिवाय याच अध्यायाच्या आरंभी दानीएल संदेष्टा यिर्मयाने सांगितलेली यरुशलेमच्या ओसाडीची सत्तर वर्षे वाचत आहे. ती वर्षे साधी असावीत आणि त्याच अध्यायातील पुढची वर्षे वेगळ्या लांबीची असावीत, असे मानायला मजकुरात काही आधार नाही. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती इतिहासलेखक ज्युलियस आफ्रिकानसने हेच विसावे वर्ष धरून ३५४ दिवसांची चांद्रवर्षे मोजली होती, आणि त्याचेही गणित जुळले होते.

येथे एक गोष्ट लक्षात यावी. ४५७ वाल्यांना ३६५ दिवसांचे वर्ष लागते, ४४५ वाल्यांना ३६० दिवसांचे आणि आफ्रिकानसला ३५४ दिवसांचे. ४५७ मांडणाऱ्यांना आणखी एक गोष्ट लागते: लूक सांगतो की योहान बाप्तिस्मा देणारा तिबिर्य कैसराच्या पंधराव्या वर्षी पुढे आला. तिबिर्य इ.स. १४ मध्ये गादीवर आला, म्हणजे साध्या हिशेबाने ते वर्ष २८ किंवा २९ येते. २७ मिळवण्यासाठी ऑगस्टसबरोबरच्या संयुक्त सत्तेची वर्षे धरावी लागतात. यहोवाचे साक्षीदार विसावे वर्षच इ.स.पू. ४५५ मध्ये नेतात आणि इ.स. २९ मध्ये पोहोचतात. प्रत्येक पक्ष आपापल्या मुक्कामी वेळेवर पोहोचतो, ही गोष्ट या पद्धतीच्या बाजूची नसून तिच्या विरुद्धची आहे.

काहींनी वर्षाची लांबी न बदलता इतिहासच बदलला. दुसऱ्या शतकातील परंपरेवर आधारलेल्या सेदेर ओलाम या यहुदी कालगणनेत पहिल्या मंदिराच्या नाशापासून दुसऱ्याच्या नाशापर्यंत बरोबर ४९० वर्षे बसवली आहेत, आणि त्यासाठी मंदिर पुन्हा उभे राहिल्यानंतरचा पारसाचा काळ अवघ्या ३४ वर्षांचा केला आहे. मंदिर इ.स.पू. ५१५ च्या सुमारास पुरे झाले आणि सिकंदराने पारसाचे राज्य ३३१–३३० मध्ये संपवले, म्हणजे तो काळ प्रत्यक्षात १८० वर्षांहून मोठा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मार्टिन ॲन्स्टी यांनीही कोरेशाची आज्ञा धरून पारसाच्या इतिहासातील ८२ वर्षे कमी केली. कोरेशाची बाजू मी घेत असलो तरी हा मार्ग मला मान्य नाही. राजाचे वर्ष, महिना आणि दिवस लिहिलेल्या हजारो बाबिली मृत्तिकालेखांवर आणि ग्रहणांच्या नोंदींवर ती कालगणना उभी आहे. ती आपल्या सोयीसाठी मोडता येणार नाही.

आता कोरेशाच्या आज्ञेकडे वळू. एज्राच्या पुस्तकाचे पहिलेच वचन सांगते, की यिर्मयाच्या मुखाने आलेले परमेश्वराचे वचन पुरे व्हावे म्हणून परमेश्वराने कोरेशाच्या मनाला प्रेरणा दिली. दानीएल नवव्या अध्यायात नेमके यिर्मयाचे तेच वचन वाचून, उपास करून, उद्ध्वस्त नगरासाठी आणि पवित्रस्थानासाठी प्रार्थना करत आहे, आणि त्या कथेतला काळ बाबेल पडल्यानंतरचा, कोरेशाच्या आज्ञेच्या उंबरठ्यावरचा आहे. प्रार्थना ज्या सुटकेची, तिची आज्ञा काही महिन्यांत निघते. देवदूताचा शब्द ऐकणाऱ्याने ती आज्ञा बाजूला ठेवून नव्वदहून अधिक वर्षांनंतरच्या एका प्यालेबरदाराच्या परवानगीची वाट पाहावी, ही अपेक्षाच अस्वाभाविक आहे.

कोरेशाच्या आज्ञेत केवळ मंदिराचा उल्लेख आहे, नगराचा नाही, हा या बाजूवरचा नेहमीचा आणि गंभीर आक्षेप आहे. एज्राच्या पहिल्या अध्यायातील घोषणा मंदिराविषयीच आहे. सहाव्या अध्यायात अखमथा (एकबताना) या राजनगरात सापडलेली नोंदही मंदिराचीच आहे: साठ हात उंची, साठ हात रुंदी, मोठ्या दगडांचे तीन थर, लाकडाचा एक थर, खर्च राजाच्या भांडारातून. परंतु यशया दोन ठिकाणी कोरेशाचे काम सांगतो आणि दोन्ही ठिकाणी नगराचे नाव घेतो. चव्वेचाळिसाव्या अध्यायात तो यरुशलेमविषयी ‘ती बांधली जाईल’ असे म्हणेल. पंचेचाळिसाव्यात तो माझे नगर बांधील आणि माझ्या बंदिवानांना सोडून देईल. हे अध्याय कोणत्या काळी लिहिले गेले यावर मतभेद असले, तरी बंदिवासातून परतलेला समाज कोरेशाला नगर बांधणारा मानत होता, एवढे त्यांवरून सिद्ध होतेच. शिवाय इ.स.पू. ५२० मध्ये संदेष्टा हग्गय लोकांना खडसावतो, की परमेश्वराचे मंदिर ओसाड असताना तुम्ही तक्तपोशीच्या घरांत राहता काय. दारयावेशाची आज्ञा निघण्यापूर्वीच लोकांनी घरे उभारली होती. ती कोणाच्या परवानगीने, हे वेगळे सांगायला नको. नहेम्याच्या काळीही नगरात वस्ती तुरळक होती आणि घरे पुरी झालेली नव्हती, हे खरे आहे, पण मोजणी आज्ञा निघाल्यापासून करायची आहे, काम पुरे झाल्यापासून नाही.

कोरेशाची धोरणे आपल्याला केवळ बायबलमधून माहीत आहेत असेही नाही. १८७९ मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडलेला मातीचा दंडगोल आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि २०१३–१४ च्या हिवाळ्यात तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी आला होता. त्यावर यरुशलेमचे नाव नाही, आणि आहे असे सांगणाऱ्यांनी ते सांगणे थांबवावे. पण ओस पडलेली देवस्थाने पुन्हा उभी करणे, देवमूर्ती आपापल्या जागी परत पाठवणे आणि हलवलेल्या लोकांना त्यांच्या वस्त्यांत पोहोचवणे, हे त्या लेखात राजा स्वतःच्या तोंडून सांगतो. देवस्थान आणि वस्ती ही जोडी त्याच्या धोरणात एकत्रच होती.

राहिला आकड्यांचा प्रश्न, आणि तो मी टाळणार नाही. इ.स.पू. ५३८ पासून ४८३ वर्षे मोजली की इ.स.पू. ५५ येते, आणि त्या वर्षी अभिषिक्त म्हणावे असे कोणी आलेले नाही. येथे बहुतेक जण कोरेशाला सोडून देतात. मी तसे करत नाही, कारण ४९० हा आकडा आरंभापासूनच पंचांगाचा नसून नियमशास्त्राचा आहे. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात दर सातव्या वर्षी येणारे शब्बाथ (विसाव्याचे) वर्ष आणि सात सप्तकांनंतरचे योबेल वर्ष येते, ज्यात गुलाम सुटतात आणि गेलेली जमीन मूळ मालकाला परत मिळते. सव्विसाव्या अध्यायात आज्ञाभंगाची शिक्षा सातपट होईल आणि ओस पडलेली भूमी आपले शब्बाथ भोगील असे सांगितले आहे. यिर्मयाच्या सत्तर वर्षांची सातपट म्हणजे ४९०, आणि ४९० म्हणजे दहा योबेल. दानीएलाला मिळालेले उत्तर असे आहे, की सत्तर वर्षांनी घरी परतणे ही सुरुवात आहे. पापाचा शेवट आणि खरी सुटका योबेलाच्या मापाने येईल. मृत समुद्राजवळ कुमरान येथे सापडलेल्या मल्कीसदेकविषयक गुंडाळीतही अखेरची सुटका दहाव्या योबेलाशी जोडली आहे. येशूच्या काळाच्या आगेमागे यहुदी वाचक हा आकडा असाही वाचत होते.

दानीएलाचे पुस्तक इ.स.पू. १६५ च्या सुमाराचे मानणारे अभ्यासक या भविष्यवाणीचा रोख महायाजक ओनिया तिसरा याच्या खुनाकडे आणि सीरियाचा ग्रीक राजा अँटिओकस एपिफेनीस याने केलेल्या मंदिराच्या विटंबनेकडे आहे असे म्हणतात. त्यांची मांडणी संदर्भाला धरून आहे, आणि यरुशलेमच्या नाशापासून कोरेशापर्यंतची सात सप्तके तीत चांगली बसतात. पुढच्या बासष्टांसाठी मात्र त्यांनाही साठ–सत्तर वर्षांचा फरक सोडून द्यावा लागतो, नाहीतर मोजणी मागे इ.स.पू. ६०५ पासून, यिर्मयाच्या पहिल्या भाकितापासून, सुरू करावी लागते. नेमकेपणाचा आग्रह धरला की त्यांचीही तीच गत होते.

आपल्याकडच्या मंडळ्यांत आणि बायबल अभ्यासवर्गांत हा विषय शिकवताना फळ्यावर एक आडवी रेघ मारली जाते, डावीकडे एक वर्ष, उजवीकडे एक वर्ष, आणि मध्ये बेरीज. उरलेल्या तीन आज्ञा का सोडल्या, वर्ष किती दिवसांचे धरले, आणि त्याच खात्रीने दुसरी मंडळी दुसरे वर्ष का लिहिते, हे तरुण मुलांना सांगितले जात नाही. कधीतरी ते त्यांना बाहेरून कळते, आणि मग बेरजेबरोबर श्रद्धाही डळमळते. पंधराशे वर्षांहून अधिक काळापूर्वी बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याने दानीएलावरील भाष्यात या उताऱ्यापाशी येऊन आफ्रिकानस, युसेबियस, हिप्पोलिटस आणि इतर कित्येकांच्या वेगवेगळ्या मोजण्या एकापुढे एक मांडल्या, यहुदी विद्वानांचे म्हणणेही मांडले, आणि निवाडा वाचकावर सोपवला. ते धैर्य आपल्या शिक्षकांना का नसावे?

शेवटचा आक्षेप असा येईल, की वर्षांचे गणित सोडले तर ख्रिस्ताविषयीचा एक मोठा पुरावा आपण हातचा घालवतो. या आक्षेपाला नव्या करारातच उत्तर आहे. येशूचे जीवन जुन्या करारातील वचनांशी जोडून दाखवण्याची तळमळ मत्तयाएवढी दुसऱ्या कोणाला नव्हती. जन्म, मिसरातून परत येणे, गालीलात राहणे, शिंगरावर बसून येणे, तीस रुपये, प्रत्येक ठिकाणी तो संदेष्ट्याचे वचन पुढे ठेवतो. सप्तकांची बेरीज यरुशलेमेतील प्रवेशाच्या दिवशी पुरी होत असती, तर त्या प्रसंगी त्याने ती सांगितली असती. तेथे तो जखऱ्याचे वचन देतो आणि दानीएलाचे नावही घेत नाही. ते नाव चोविसाव्या अध्यायात येशूच्या मुखी येते, ओसाडी करणाऱ्या अमंगळ गोष्टीविषयी; तेथे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावे अशी सूचना आहे, डोंगरांकडे पळून जाण्याची सूचना आहे, पण वर्षांची मोजणी नाही. ज्या पिढीला ती करणे सर्वांत सोपे होते, तिने ख्रिस्ताची साक्ष देताना तिचा आधार घेतलेला नाही.